हळू चला, पुढे खिंड आहे

मनाली ते लेह सायकलने जाणं हे आता कॉलेजच्या पोरापोरींचंही स्वप्न झालंय. पण या रस्त्यावर मांड्यांमधल्या ताकदीपेक्षा भलत्याच गोष्टीचा कस लागतो.

रविवारी सकाळी सात वाजता सिंहगडाच्या घाटात जाऊन बघा. हेल्मेट घातलेली, घामाने निथळणारी माणसं एकामागून एक वर सरकताना दिसतील. वर पोचल्यावर मडक्यातलं दही, भजी, एकमेकांना घड्याळातलं टायमिंग दाखवणं, आणि मग कुणीतरी विषय काढतंच, ‘यंदा लेह करायचं का?’ करायचं, म्हणे! जसं काही लेह म्हणजे पुढच्या वळणावरचा चहाचा ठेला.

तर मागच्या वर्षी आमच्या ग्रुपने ते करायचं ठरवलं. तीन मुलगे, दोन मुली, सगळे बावीस-तेविशीतले. मनालीहून पाच जण निघालो आणि लेहला तीन जण पोचलो. ट्रिपचे फोटो इन्स्टावर पडून आहेत, ते तिथेच बघा. इथे सांगायचंय ते त्या रस्त्याबद्दल, तिथल्या उघड्याबोडक्या डोंगरांबद्दल आणि पाचाचे तीन का झाले त्याबद्दल.

आधी आकडे उरकून घेऊ. रोहतांगवरून गेलात तर मनाली ते लेह अंतर सुमारे ४७५ किलोमीटर. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्यामुळे गाड्यांचे त्यातले ४६ किलोमीटर वाचतात, पण सायकलवाल्यांचा जीव अजून रोहतांगच्या जुन्या रस्त्यातच अडकलेला असतो. वाटेत पाच मोठ्या खिंडी. रोहतांग ३,९८० मीटरच्या आसपास, मग बारालाचा ला ४,८९०, नाकी ला ४,७४०, लाचुलुंग ला ५,०६५ आणि शेवटी तांगलांग ला ५,३२८ मीटर. ‘ला’ म्हणजेच खिंड, त्यामुळे ‘बारालाचा ला खिंड’ म्हणणं हे ‘पिवळं पीतांबर’ म्हणण्यासारखं आहे. लेहला पोचल्यावर खुमखुमी उरली असेल तर पुढे खारदुंग ला, ५,३५९ मीटर.

हे आकडे आपल्या डोक्यात शिरत नाहीत, कारण आपल्याकडे तुलनेला काही नाही. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. मनालीच्या बसमधून डोळे चोळत उतरता तेव्हा तुम्ही दोन हजार मीटरवर असता. म्हणजे सायकलचं चाक एकदाही फिरायच्या आत कळसूबाई खाली राहिलेली असते.

तयारी म्हणून आम्ही चार महिने ताम्हिणी, वरंधा, खंबाटकी असे सगळे घाट पालथे घातले. शनिवारी एकदा, रविवारी दोनदा सिंहगड. याने पाय तयार झाले, हे खरं. बसायची सवय झाली, हे त्याहून महत्त्वाचं. पण तिथल्या विरळ हवेची तयारी इथे घाटात होत नाही. सह्याद्रीच्या कुठल्याही घाटात हवा भरपूर असते. तुम्हाला धाप लागते ती ताकद संपते म्हणून.

सामानाची लांबलचक यादी देत नाही, नेटवर शंभर सापडतील. तीनच गोष्टी सांगते. एक, पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी, हे गिअरचं कॉम्बिनेशन जेवढं हलकं मिळेल तेवढं घ्या. ते लावून फिरताना घरी लाज वाटते, पण पाच हजार मीटरवर देवासारखं धावून येतं. दोन, सायकल भाड्याची असेल तर ब्रेक पॅड स्वतःच्या डोळ्यांनी बघा, दुकानदाराच्या डोळ्यांनी नको. रोहतांगच्या उतारावर ते घासून संपल्याचं कळणं फार महागात पडतं. तीन, पोस्टपेड सिम. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड चालत नाही, आणि आपण सगळे तर प्रीपेडवाले. शिवाय दारचा सोडल्यावर उपशीपर्यंत बहुतेक रस्त्याला रेंजच नसते. माझ्या आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘चार-पाच दिवस फोन लागणार नाही.’ तिने ‘बरं’ म्हटलं, आणि ते ‘बरं’ कसलं होतं हे आई असलेल्या कुणालाही कळेल.

सायकली आम्ही रेल्वेत पार्सल करून चंदिगडपर्यंत नेल्या आणि पुढे बसच्या टपावर टाकल्या. त्यात काय काय वाकलं ती वेगळी कथा.

हिरवळ संपते ती जागा

पहिला दिवस देवदारांच्या सावलीतून मढीपर्यंत. दुसऱ्या दिवशी रोहतांग ओलांडून लाहौलच्या खोऱ्यात उतरलो आणि सिस्सूला मुक्काम केला. उतरताना एका जुन्या सायकलवाल्यांच्या ट्रिकचा उपयोग झाला. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र खोचायचं, वारा लागत नाही. पेपरात काम करताना पेपरचा हा उपयोग कुणी शिकवत नाही.

रोहतांगच्या अलीकडे पावसाने भिजलेला, हिरवागार, चिखलाचा डोंगर आणि पलीकडे कोरडं ऊन. मान्सूनचे ढग या भिंतीला धडकून अलीकडेच मोकळे होतात, पलीकडे फार थोडे पोचतात. घाटमाथा आणि माण-खटाव यांच्यातला फरक आपण शाळेत पर्जन्यछाया म्हणून शिकलो, तोच इथे दहापट मोठा करून ठेवलाय. लेहला वर्षभरात मिळून साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे ताम्हिणीत जुलैच्या एका दिवसात त्याहून जास्त कोसळतो.

तिसऱ्या दिवशी तांदी लागलं. इथे दोन गोष्टी आहेत. एक पेट्रोल पंप, ज्याची पाटी सांगते की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. बाइकवाले त्या पाटीखाली कॅन भरत होते, आम्ही शेजारी उभं राहून केळी खात होतो. फार बरं वाटलं. दुसरी गोष्ट म्हणजे संगम. चंद्रा आणि भागा या दोन नद्या इथे मिळतात आणि चंद्रभागा होतात, तीच पुढे चिनाब. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपली भीमा, तिचा याच्याशी काही संबंध नाही. तरी आमच्यातल्या एकाने, ज्याचे आजोबा वारकरी, सायकल लावली, खाली जाऊन हात-तोंड धुतलं आणि बाटली भरून घेतली. पाणी राखाडी होतं, बर्फ आणि पीठ कालवल्यासारखं. कुणी हसलं नाही.

केलाँगपर्यंत वाटाणा-बटाट्याची शेतं आणि विलोची झाडं दिसत राहतात. जिस्पाला आम्ही दोन रात्री काढल्या, एक विश्रांतीची म्हणून मुद्दाम. दारचानंतर झाडं विरळ होत होत संपलीच. झाड संपणं म्हणजे काय, हे मुलींना लवकर कळतं. आडोशाला झुडूपसुद्धा नाही, दगड गुडघाभर, आणि रस्त्यावरून ट्रकची रांग. मोठा स्कार्फ आणि सोबतीला मैत्रीण एवढीच व्यवस्था. तंबूवाल्या धाब्यांवर काही ठिकाणी संडास असतात, दिसला की जाऊन घ्यायचं, गरज असो-नसो. पाणी कमी पिऊन हा प्रश्न सोडवायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका, या उंचीवर शरीरातलं पाणी भराभर कमी होतं आणि डोकं दुखलं की ते पाण्याने की उंचीने हेच कळेनासं होतं.

पटसेओला तंबूत राहिलो, सुमारे ३,८०० मीटरवर. इथून पुढचा नियम ट्रकवाले सांगतात तो असा की नाले सकाळी पार करायचे. दिवसभर ऊन लागून वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याच्या वर जातं, तेही धोंडे लोटत. म्हणून पहाटे पाचला निघायचं. बूट काढून, सायकल खांद्यावर घेऊन त्या पाण्यात पाय टाकला की पुढची दहा मिनिटं पाय स्वतःचे वाटत नाहीत.

बारालाचा लाच्या अलीकडे सूरजताल आहे, भागा नदी तिथूनच निघते. खिंड ओलांडली की पाणी दुसऱ्या बाजूला, झंस्कारकडे वाहायला लागतं. आणि मग तो देखावा सुरू होतो ज्यासाठी लोक एवढा खर्च करतात.

सह्याद्री म्हणजे काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झालेला. इथले बरेचसे डोंगर म्हणजे टेथिस नावाच्या समुद्राच्या तळाचा गाळ. भारताचा भूखंड सरकत सरकत आशियाला जाऊन धडकला, मधला समुद्र मिटला आणि त्याचा तळ चुरगळून आकाशात गेला. पिवळे, तांबूस, राखाडी असे थर कुठे आडवे, कुठे उभे, कुठे घडी घातलेल्या चादरीसारखे. गाडीतून हे मागे पळतं. सायकलवर ताशी सहाच्या वेगाने जाताना एकच डोंगर दोन तास सोबत असतो, त्याच्या सगळ्या सुरकुत्या पाठ होतात.

सरचूची रात्र

आता मुद्द्याचं. सरचू हे ४,२९० मीटरवरचं मोठं पठार, नदीने दोन्ही बाजूंनी कापून काढलेलं. उन्हाळ्यात तंबू असतात, बाकी काही नाही. आम्ही सहाव्या दिवशी संध्याकाळी पोचलो.

आमच्यातला सगळ्यात तगडा गडी, ज्याच्या मागे सिंहगडावर आम्ही कायम दहा मिनिटं असायचो, तो तासभर आधी पोचला होता. जिस्पाच्या विश्रांतीच्या दिवशीही तो ‘पाय मोकळे करायला’ चढावर जाऊन आला होता, आणि बारालाचा त्याने जवळपास न थांबता काढला. आम्ही पोचलो तेव्हा तो तंबूत आडवा होता. डोकं दुखतंय म्हणाला. जेवला नाही. या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ कुकरशिवाय शिजत नाही आणि मॅगी कायम कच्चट लागते. त्याने ताट बाजूला सारलं ते आम्ही मॅगीच्या नावावर खपवलं.

रात्री अकराच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या. गोळी घेऊन डोकं थांबेना. दुसऱ्या मैत्रिणीने गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय, तिने त्याला बाहेर आणलं आणि टॉर्चच्या उजेडात सरळ रेषेत, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून चालायला सांगितलं. तिसऱ्याच पावलाला तो बाजूला गेला. परत केलं, परत गेला. दारू प्यायल्यासारखा.

हे काय होतं, ते नीट समजून घ्या. उंचीवर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही, ते २१ टक्केच असतं. हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. तांगलांग लावर तो समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. शरीर याची सवय करून घेतं, श्वास वाढवतं, रक्तात बदल करतं, पण त्याला दिवस लागतात. घाई केली की डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं. त्याकडे दुर्लक्ष करून आणखी वर गेलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी भरू लागतं. बसल्या जागी दम लागणं, खोकला थांबत नसणं, ओठ निळे पडणं हे फुप्फुसाचं लक्षण. तोल जाणं, बडबडणं, गुंगी हे मेंदूचं. दोन्हींवर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. ऑक्सिजन आणि औषधं वेळ मिळवून देतात. आणि तुम्ही किती फिट आहात याचा याच्याशी संबंध नाही. मॅरेथॉन पळणाऱ्याला होतं, पोट सुटलेल्या काकांना होत नाही. उलट फिट माणूस भराभर वर जाऊ शकतो म्हणून तोच लवकर अडचणीत येतो.

तीन हजार मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. जिस्पा ते पटसेओत आम्ही शंभरएक मीटर जास्त चढलो, पण त्याआधी एक दिवस थांबलो होतो, आणि पटसेओ ते सरचू बरोबर हिशेबात. गंमत म्हणजे गाडीने येणारी मंडळी एका दिवसात मनालीहून सरचू गाठतात आणि रात्रभर डोकं धरून बसतात. त्या हिशेबाने सायकल सुरक्षित, कारण ती मुळातच हळू. पण सायकलवर कष्ट असतात, आणि दमछाक झाली की शरीर आणखी मागे पडतं. त्याने सायकलचा हळूपणा काढून टाकला आणि कष्ट तेवढे ठेवले.

सरचूची दुसरी अडचण नकाशा बघितला तरच कळते. खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. मागे जायचं तर बारालाचा आडवा, पुढे जायचं तर नाकी, लाचुलुंग आणि तांगलांग. अशा ठिकाणी ‘सकाळी बघू’ म्हणणं म्हणजे काय हे उघड आहे.

आणि तो तेच म्हणत होता. सकाळी बघू. झोपलो की बरं वाटेल. एवढे पैसे घातलेत, चार महिने मेहनत केलीय. शेवटी म्हणाला, ‘तुम्ही घाबरट आहात.’ मित्राला ओळखणं वेगळं आणि त्या रात्री त्याच्याशी भांडणं वेगळं. त्याचं डोकं नीट चालत नाहीये हाच तर आजार होता, त्यामुळे त्याचं मत विचारण्यात अर्थ नव्हता, पण हे त्याच्या तोंडावर म्हणायला फार जड गेलं. धाब्याच्या बाईंनी आमचा वाद मिनिटभर ऐकला आणि शेजारच्या तंबूत झोपलेल्या पिकअपवाल्याला उठवायला गेल्या. आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

पाऊण वाजता गाडी निघाली. रात्री नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, तेवढं नशीब. आमच्यातला एक त्याच्यासोबत गेला, म्हणजे आपली ट्रिप सोडून गेला, आणि हे त्याने ‘मी जातो’ या दोन शब्दांत सांगितलं. चंद्रभागेचं पाणी भरून घेतलेला तोच. केलाँग हे जिल्ह्याचं ठिकाण आहे, तिथे रुग्णालय आहे. पहाटे पोचले, ऑक्सिजन लावला, दुपारपर्यंत तो सरळ चालायला लागला होता. हे सगळं आम्हाला पाच दिवसांनी कळलं, रेंज आल्यावर. पिकअपवाल्याने डिझेलचे पैसे तेवढे घेतले होते.

आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी सरचूतच थांबलो. ठरलेलं नव्हतं. कुणालाच सायकलला हात लावावासा वाटत नव्हता.

डायमॉक्सबद्दल सगळे विचारतात. हे औषध शरीराला सवय व्हायला मदत करतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर विशेष सांगायचं. मित्राच्या बॅगेतून दोन गोळ्या उचलणं हा प्रकार नको.

वाळूचे खांब आणि चाळीस किलोमीटरची शांतता

सरचूनंतर गाटा लूप्स. एकवीस वळणं, सुमारे साडेचारशे मीटर चढाई. चढ बेताचा आहे, दर वळणावर खालची वळणं दिसत राहतात आणि आपण काहीतरी केलंय असं वाटतं. वरच्या एका वळणावर प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. गोष्ट अशी सांगतात की बर्फात बंद पडलेल्या ट्रकजवळ एक क्लीनर मदतीची वाट पाहत मेला आणि अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी मागतो. म्हणून लोक सीलबंद बाटली ठेवतात. भुताबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाटल्यांबद्दल आहे. त्या तिथून कुणी खाली नेत नाही.

नाकी ला, मग व्हिस्की नाला नावाची जागा, जिच्या नावामागे जेवढे ड्रायव्हर तेवढ्या कथा, मग लाचुलुंग ला. आणि त्यानंतर पांगपर्यंतचा उतार, जो माझ्यासाठी अख्ख्या प्रवासातला सगळ्यात वेड लावणारा तुकडा आहे.

इंग्रजीत अशा प्रदेशाला ‘बॅडलँड्स’ म्हणतात. आपल्याकडे चंबळच्या घळी याच जातीच्या. माती-वाळू-गोट्यांचे मऊ थर, त्यांना धरून ठेवायला झाडाचं मूळ नाही, पाऊस क्वचित पण आला की झोडपणारा, आणि वर्षभर वारा. पाणी मऊ भाग कापत नेतं, वर एखादा कठीण दगड असेल तर तो टोपीसारखा खालच्या मातीला वाचवतो. असं होत होत खांब उरतात, सुळके, बुरूज, कमानी, कुठे देवळाच्या गाभाऱ्यासारख्या पोकळ्या. नदी मधून वाहते, रस्ता तिच्या कडेने. ऊन तिरपं झालं की सगळ्याला मधासारखा रंग चढतो. शंभर फुटी खांब उभे आहेत आणि ते नुसती माती आहेत, हे डोक्याला पटत नाही. एका कडेवरून अधूनमधून वाळूची धार सुटत होती, बारीक, तासातल्या वाळूसारखी. म्हणजे हे अजून घडतंय. रस्त्यावर पडलेल्या गोट्यांमधून वाट काढताना ते घडणं जरा जास्तच जवळचं वाटतं, त्यामुळे फोटो काढायला त्या भिंतींखाली थांबू नका.

पांगहून चार-पाच किलोमीटरचा खडा चढ आणि एकदम मोरे प्लेन्स. ४,७०० मीटरच्या आसपास चाळीसेक किलोमीटर लांब सपाट मैदान. इतका सरळ रस्ता की पुढून येणारा ट्रक दिसल्यापासून जवळ यायला दहा मिनिटं लागतात. लांबवर कियांग चरत होते, म्हणजे तिथले जंगली गाढव, पण गाढव म्हणणं अन्याय आहे, पळताना घोडे वाटतात. चांगपा लोकांचे मेंढ्यांचे कळप धुळीवरून कळतात. सकाळी इथे स्वर्ग आहे. दुपारी वारा सुटतो. आम्हाला तो समोरून मिळाला, आणि सपाट रस्त्यावर, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, ताशी सातने आम्ही तीन तास काढले. चढावर निदान माथा असतो. वाऱ्याला माथा नसतो.

तांगलांग लाच्या चढावर पन्नास पॅडल मारायचे, थांबायचं, वीस श्वास घ्यायचे, असं चाललं होतं. एका वळणावर रस्त्याचं काम सुरू होतं. या भागातले रस्ते सीमा सडक संघटना बांधते, लडाखकडचं काम तिच्या ‘हिमांक’ प्रकल्पाकडे आहे. पण हातात फावडं असलेले बरेच जण झारखंडचे, विशेषतः दुमका भागातले. सपाटीवरून येऊन, पाच हजार मीटरवर, डांबराच्या धुरात खडी पसरणारे. त्यातला एक माझ्याहून लहान असावा. त्याने माझी सायकल बघितली आणि विचारलं, याचे तुम्हाला किती पैसे मिळतात? मिळत नाहीत, उलट आम्हीच दिलेत, म्हटल्यावर तो शेजारच्याला काहीतरी म्हणाला आणि दोघंही बराच वेळ हसले. नंतर त्यांनी त्यांच्या किटलीतला काळा चहा दिला. आपण ज्याला ‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणतो ती तिथे कुणाची तरी ड्युटी असते, आणि त्यांच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरच्या हिशेबाने कुणी मोजत बसत नाही.

तांगलांगच्या पलीकडे तीसेक किलोमीटर नुसता उतार आणि मग रुमत्से. दारचानंतर लागलेलं हे पहिलं खरंखुरं गाव. जवाची हिरवी शेतं, भिंती, गाय, पाण्याचा पाट. इतक्या दिवसांनी हिरवा रंग बघून डोळे अक्षरशः दुखतात. पुढे उपशीपर्यंतच्या अरुंद दरीत कातळ जांभळे आणि हिरवट होतात, वांग्याच्या रंगाचे म्हणा. उपशीला सिंधू नदी भेटते आणि त्याच सुमाराला फोनला रेंज. मेसेजचा पाऊस पडला. पहिला मेसेज केलाँगहून, त्याचाच होता, ‘जिवंत आहे. सॉरी बोललो ते.’

लेहला दोन दिवस थांबून खारदुंग ला केला. चाळीस किलोमीटरमध्ये अठराशे मीटरची चढाई, म्हणजे साधारण तीन सिंहगड एकावर एक रचून, वर हवा निम्मी. सव्वासात तास लागले. वरच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असायचं आणि ‘जगातला सर्वांत उंच वाहतुकीचा रस्ता’ म्हणून टी-शर्ट विकले जायचे. प्रत्यक्ष मोजमापाने ती उंची १७,५८२ फूट आहे, आणि आता उमलिंग लाचा रस्ता १९,०२४ फुटांवर गेलाय. टी-शर्ट अजून विकले जातात. मी घेतला.

वेगाचंच बोलायचं तर पुण्याच्या प्रीती मस्के यांनी जून २०२२ मध्ये लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर एकटीने ५५ तास १३ मिनिटांत पार केले, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आमचे अकरा-बारा दिवस त्यापुढे हास्यास्पद आहेत. पण ती सुरुवात लेहहून, उंचीची सवय झाल्यावर, सोबत सपोर्ट टीम आणि मागे अनेक वर्षांचा सराव घेऊन झालेली असते. रेकॉर्डच्या बातमीत हा भाग एका ओळीत येतो.

आमचा तो तगडा गडी यंदा जूनमध्ये पुन्हा चाललाय. डॉक्टरांकडून तपासून घेतलंय, डायमॉक्सचंही विचारून झालंय. या वेळी जिस्पाला तीन रात्री, पटसेओला दोन, झिंगझिंगबारला एक आणि सरचूला दोन रात्री धरल्यात. सोबत तोच आहे जो पिकअपमधून त्याच्याबरोबर खाली गेला होता. पुढे कोण चालवणार हेही ठरलंय, तो नाही.